पत-इतिहास : कोकणातून परदेशी जाणाऱ्यांचा

परदेशात नव्याने राहायला गेलेल्या माणसाच्या कर्जफेडीची जी नोंद तिथल्या क्रेडिट ब्युरोंकडे साठत जाते, तिला पत-इतिहास म्हणतात. भाड्याचे घर, मोटारीचे कर्ज आणि पुढे घराचे कर्ज मिळताना ही नोंद पाहिली जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून शिक्षणाला वा नोकरीला अमेरिका-कॅनडात गेलेल्यांना ती कोऱ्या पानापासून सुरू करावी लागते. त्यासाठी सर्वांत जवळचे साधन म्हणजे क्रेडिट कार्ड.

पत ही गोष्ट कोकणाला नवी नाही. वाडीतल्या दुकानदाराच्या वहीत घराच्या नावाने खाते असे आणि आंब्याचे पैसे हाती आले किंवा मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली की ते चुकते होई. दुकानदार घर ओळखे, म्हणून उधार देई. पतपेढीही ओळखीचा जामीनदार मागते. अमेरिकेत ती वही एक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्यांकडे असते आणि त्यांना फक्त लिहिलेले दिसते. भारतातली सिबिल ट्रान्सयुनियनच्याच समूहातली असली, तरी इथला स्कोअर आपोआप तिकडे जात नाही.

नोंद वाईट असणे वेगळे आणि नोंदच नसणे वेगळे. ‘कुणाचे देणे नको’ या संस्कारात वाढलेली मुले सगळा खर्च डेबिट कार्डाने करतात. तो संस्कार चांगलाच आहे, पण डेबिट कार्डाचा व्यवहार ब्युरोकडे पोचत नाही. त्यामुळे उत्तम पगार असूनही पान कोरेच राहते. अमेरिकेतला फायको स्कोअर ३०० ते ८५० असतो, आणि किमान एक खाते सहा महिने जुने झाल्याशिवाय तो निघत नाही. त्यात वेळेवर फेडीला ३५ टक्के, देणे किती आहे याला ३० टक्के आणि खात्यांच्या वयाला १५ टक्के वजन असते. उरलेले २० टक्के नवी खाती आणि कर्जांचे प्रकार यांत निम्मे-निम्मे वाटलेले असतात.

नवख्याला साधे कार्ड मिळाले नाही, तर अनामत ठेवून मिळणारे कार्ड घेता येते. बहुधा जेवढी अनामत तेवढीच मर्यादा. इथे एक बारीक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बिल निघते ती तारीख वेगळी आणि भरायची शेवटची तारीख वेगळी. दोहोंत निदान २१ दिवस असतात. ब्युरोकडे बहुतेक वेळा बिल निघताना जी रक्कम बाकी असते तीच जाते. ३०० डॉलरच्या कार्डावर २५० डॉलरचे किराणा सामान घेतले आणि बिल मुदतीत पूर्ण भरले, तरी नोंदीत ८३ टक्के मर्यादा वापरलेली दिसते. म्हणून बिल निघण्याआधीच बरीचशी रक्कम भरून टाकावी. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा ढोबळ संकेत आहे. त्याहून कमी असेल तर अधिक चांगले.

‘थोडी बाकी ठेवली की स्कोअर वाढतो’ हा सल्ला तिकडच्या मराठी घरांतही एकमेकांना दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. बाकी ठेवल्याने फक्त व्याज चढते, आणि कार्डाचे व्याज वर्षाला २० टक्क्यांच्या वर सहज जाते. कमीत कमी रक्कम भरल्याने हप्ता चुकत नाही, पण कर्ज रेंगाळते. कार्डावर रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क.

गणपतीला तीन आठवडे गावी आलेल्या माणसाचे बिल हमखास राहते. तिकडचे सिमकार्ड बंद असल्याने ओटीपी येत नाही. ३० दिवसांहून अधिक उशीर झाला की ब्युरोकडे नोंद जाऊ शकते आणि ती सात वर्षे राहते. निघण्यापूर्वी पूर्ण बिल खात्यातून आपोआप कापले जाईल अशी सोय करावी आणि खात्यात तेवढे पैसे ठेवावेत.

कॅनडात मुख्य ब्युरो दोनच आहेत, एक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन, आणि स्कोअर ३०० ते ९०० असतो. खेड, दापोली, मंडणगडच्या अनेक घरांतली माणसे आखातात आहेत. संयुक्त अरब अमिरातीत हे काम अल इतिहाद क्रेडिट ब्युरो करतो.

परदेशात पत जमवताना गावाकडची विसरू नये. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात. मुलाचा हप्ता चुकला की त्यांचाही सिबिल स्कोअर उतरतो आणि बागेसाठी कर्ज मागायला गेल्यावर ते त्यांना कळते.

अमेरिकेत आपला अहवाल तिन्ही ब्युरोंकडून फुकट पाहता येतो. मराठी माणसाने त्यात आधी आपले नाव तपासावे. एका ठिकाणी वडिलांच्या नावासह, दुसरीकडे त्याशिवाय, आडनावाचे स्पेलिंग तिसरेच, अशाने एकाच माणसाच्या दोन नोंदवह्या तयार होऊ शकतात. पासपोर्टवर जसे नाव आहे, तसेच बँकेत आणि प्रत्येक अर्जात लिहावे.