खारवट की चोपण? जिप्समची पोती आणण्याआधी

कृष्णाकाठच्या मिरज, पलूस, वाळवा भागात रान क्षारपड झालं, म्हणजे क्षार किंवा सोडियम साठून बिघडलं, की पहिली धावपळ जिप्समसाठी (मातीतला सोडियम हटवणारं खनिज) होते. रान नुसतं खारवट असेल तर ते पैसे वाया गेले.

खारवट रानात विरघळणारे क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो, ओल असूनही ऊस सुकतो. संपृक्त अर्काची (माती पाण्यानं पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या आत. चोपण रानात क्षार कमी, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला: हा चिकटलेला, म्हणजे विनिमययोग्य, सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू ८.५ च्या पुढं. अशा रानात पाणी मुरत नाही, गढूळ होऊन साचतं; वाळलं की ढेकळं दगडासारखी. प्रयोगशाळेनं माती एक भाग, पाणी अडीच भाग (१:२.५) मिसळून क्षारता काढली असेल तर आकडा कमी येतो, तो या ४ शी ताडू नका. नमुने ९० सेंमीपर्यंत, ३०-३० सेंमीच्या थरांचे वेगळे घ्या.

खारवट रानाला निचरा आणि गोड्या पाण्यानं धुणं पुरतं. चोपणला आधी परीक्षणाप्रमाणे जिप्सम, वरच्या २० सेंमीत मिसळून; मग पाणी, मग धैंचा हे हिरवळीचं खत. दोन्ही दोष असलेलं रान जिप्समशिवाय धुतलं तर क्षार निघून जातात, सोडियम उरतो आणि रान पक्कं चोपण होतं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

जिप्सम एकट्याला टाकता येतं, पण धुतलेलं पाणी बाहेर काढायला निचरा दोन्हीकडं लागतो, आणि तो एकट्याचा नसतो. मीटर-सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाइप, भोवती गाळणी, उतार नाल्याकडं. नाला मात्र चार जणांच्या बांधापलीकडं, आणि बऱ्याचदा बुजलेला.

मुळात हे पाणी साचलं कसं? उसाला एफआरपीची (सरकारनं ठरवलेल्या किमान दराची) हमी, आणि अनेक उपसा योजनांची पाणीपट्टी एकरावर. दोन पाळ्या जास्त दिल्या तरी बिल तेवढंच, मग हात आखडेल कशाला? पाणीवापर संस्थांना घनमापानं पाणी देण्याचा कायदा २००५ चा आहे. मोजून पाणी घेतलं नाही तर सुधारलेलं रानही पुन्हा बिघडतं.

नाला एकट्याचा नसतो, म्हणून निचऱ्याच्या कामाचा अर्ज गटानं करा. खोदाईआधी नाल्याच्या तळाची पातळी घ्या. पाइपचं तोंड तिच्या वर राहत नसेल, किंवा पुरात बुडणार असेल, तर पाणी गोळा करायचं चेंबर आणि पंपाचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.