राष्ट्रातीत धोरणांची लोकशाही अधिमान्यता

सदस्य राष्ट्रांनी आपल्या सार्वभौम अधिकारांचा काही भाग ज्या संस्थेकडे सोपवला आहे, तिचे निर्णय आपण का पाळायचे, या प्रश्नाला त्या राष्ट्रांच्या नागरिकांना पटणारे उत्तर असणे म्हणजे राष्ट्रातीत धोरणांना लोकशाही अधिमान्यता असणे. जागतिक व्यापार संघटनेसारख्या संस्थांबाबतही हा प्रश्न उपस्थित होतो; मात्र युरोपीय संघाचे कायदे सदस्य देशांच्या कायद्यांहून वरचढ मानले जात असल्याने आणि त्याची संसद नागरिक थेट निवडून देत असल्याने या विषयाची चर्चा प्रामुख्याने त्याच्याच संदर्भात होते.

युरोपीय एकीकरणाची पहिली चार दशके हा प्रश्न फारसा कोणाला टोचला नाही. कोळसा आणि पोलाद यांची सामाईक व्यवस्था, जकातमुक्त बाजारपेठ, शेतीची अनुदाने हे विषय मंत्री, मुत्सद्दी आणि तज्ज्ञ आपसांत मिटवत आणि सामान्य नागरिकांची त्याला मूक संमती असे. ‘लोकशाही तूट’, म्हणजे निर्णयांवर नागरिकांचे पुरेसे नियंत्रण नसणे, हा शब्दप्रयोग ब्रिटिश राजकारणी आणि अभ्यासक डेव्हिड मार्क्वँड यांनी 1979 मध्ये रूढ केला. त्याच वर्षी युरोपीय संसदेची पहिली थेट निवडणूक झाली आणि सुमारे 62 टक्के मतदान झाले. त्यानंतरच्या प्रत्येक करारागणिक संसदेचे अधिकार वाढत गेले, मतदान मात्र घसरत 2014 मध्ये 43 टक्क्यांच्याही खाली आले. नागरिकांना थेट मत दिले की अधिमान्यता आपोआप येईल, हे गृहीतक इथेच लंगडे पडले. 2019 आणि 2024 मध्ये मतदान 50 टक्क्यांच्या किंचित वर गेले, हे खरे. पण या निवडणुकांतील प्रचार आजही बहुतेक ठिकाणी देशांतर्गत प्रश्नांवरच लढवला जातो.

मूक संमतीचा काळ 2 जून 1992 रोजी संपला, असे म्हणता येईल. त्या दिवशी डेन्मार्कच्या मतदारांनी युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार अगदी थोड्या फरकाने फेटाळला. काही सवलती पदरात पाडून घेतल्यावर पुढच्या वर्षी तोच करार पुन्हा सार्वमताला ठेवून मंजूर करून घेण्यात आला. 2005 मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी प्रस्तावित युरोपीय संविधान नाकारले. त्यातील बराचसा आशय पुढे लिस्बन करारात आला. तो आयर्लंडने 2008 मध्ये नाकारला आणि 2009 मध्ये स्वीकारला. ‘होकार येईपर्यंत विचारत राहायचे’ हा टीकाकारांचा टोमणा पूर्णपणे न्याय्य नाही, कारण मधल्या काळात मतदारांच्या काही आक्षेपांची दखल घेतली गेली होती. तरीही तो चिकटला तो चिकटलाच.

जर्मन राज्यशास्त्रज्ञ फ्रिट्झ शार्प्फ यांनी अधिमान्यतेचे दोन स्रोत वेगळे केले: निर्णयात लोकांचा सहभाग असणे आणि निर्णयाचा लोकांना उपयोग होणे. संघ बराच काळ दुसऱ्यावर विसंबून होता. युरो हे सामाईक चलन वापरणारे काही देश कर्जाच्या विळख्यात सापडले, त्या युरो संकटात हा आधार खचला. ग्रीसच्या मतदारांनी 5 जुलै 2015 रोजी कर्जदात्यांच्या अटी 61 टक्के मतांनी फेटाळल्या आणि जेमतेम आठवडाभरात त्यांच्या सरकारला तितक्याच कडक अटी मान्य कराव्या लागल्या. लोकशाही तूट असल्याचे सर्वांनाच मान्य आहे असे मात्र नाही. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू मोराव्चिक यांच्या मते संघाच्या निर्णयांवर निवडून आलेल्या सरकारांचा पुरेसा अंकुश असतो.

हा युक्तिवाद जिथे येऊन ठेपतो तिथेच खरी अडचण आहे. संघाचे मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये, सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत, एखाद्या प्रस्तावाच्या बाजूने हात वर करणारा मंत्री मायदेशी परतल्यावर तो निर्णय ‘ब्रसेल्सने लादला’ असे सांगू शकतो आणि त्याला जाब विचारण्याइतकी माहिती बहुतेक संसदांकडे वेळेवर पोहोचत नाही. त्यामुळे नवनव्या युरोपीय संस्था उभारण्यापेक्षा राष्ट्रीय संसदेची पकड घट्ट करणे हा अधिक भरवशाचा उपाय ठरतो. डेन्मार्कमधील पद्धत याचा सर्वांत जुना नमुना आहे. तिथे महत्त्वाच्या विषयावर ब्रसेल्सला जाण्यापूर्वी मंत्र्याला संसदेच्या युरोप व्यवहार समितीपुढे आपली भूमिका मांडावी लागते. समितीतील प्रत्येक पक्षाचे वजन सभागृहातील त्याच्या जागांइतके धरले जाते. भूमिकेच्या विरोधात बहुमत नाही असे अध्यक्षांनी जाहीर केले की मंत्र्याला वाटाघाटींचा आदेश मिळतो आणि भूमिका मुळातून बदलायची वेळ आल्यास त्याला समितीकडे परतावे लागते. अल्पमतातील सरकारे हा डेन्मार्कमधला नेहमीचा प्रकार असल्याने हा आदेश म्हणजे केवळ शिक्कामोर्तब नसते. जर्मनीत हेच काम न्यायालयाने केले. संविधान न्यायालयाने 30 जून 2009 च्या निकालात लिस्बन करार घटनेशी सुसंगत ठरवला. परंतु युरोपीय एकीकरणाबाबत संसदेची स्वतःची जबाबदारी असल्याचे बजावून त्यासाठीचा पूरक कायदा सुधारायला लावला.

लिस्बन कराराने राष्ट्रीय संसदांना सामूहिक हत्यारही दिले. सदस्य देशांना स्वतः नीट करता येण्यासारखे काम संघाने हाती घेऊ नये, या तत्त्वाचा भंग होत असल्याची हरकत त्यांना 8 आठवड्यांत घेता येते. प्रत्येक देशाला 2 मते असतात आणि एकूण मतांपैकी एकतृतीयांश विरोधात गेल्यास कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या युरोपीय आयोगाला प्रस्तावाचा फेरविचार करावा लागतो. या ‘पिवळ्या कार्डा’चा पहिला वापर 2012 मध्ये संपाच्या हक्काविषयीच्या नियमावलीवर झाला: 54 पैकी 18 मते पुरेशी असताना 19 पडली आणि आयोगाने प्रस्ताव मागे घेतला, पण तत्त्वाचा भंग झाल्याचे काही मान्य केले नाही. 2013 आणि 2016 मध्ये पुन्हा कार्ड निघाले. दोन्ही वेळा आयोगाने आपला प्रस्ताव कायम ठेवला.

नागरिकांच्या थेट सहभागासाठी 2012 पासून युरोपीय नागरिक पुढाकाराची सोय आहे. किमान एकचतुर्थांश सदस्य देशांमधून, म्हणजे आज 7 देशांतून, आवश्यक किमान पाठिंब्यासह एकूण 10 लाख सह्या जमल्यास आयोगाला उत्तर द्यावे लागते. कायदा मांडलाच पाहिजे असे बंधन त्याच्यावर नाही. पाणी हा मानवी हक्क मानावा, या पहिल्या यशस्वी मागणीवर 16 लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यातून 2020 मध्ये पेयजलाविषयीचे सुधारित निर्देश निघाले, पण हक्काचा मुख्य मुद्दा बाजूलाच राहिला.

युरोपीय पक्षांनी आयोगाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार निवडणुकीआधीच जाहीर करण्याची प्रथा 2014 मध्ये ज्याँ-क्लोद युंकर यांच्या निवडीने रुजतेय असे वाटले. 2019 मध्ये सरकारप्रमुखांनी जाहीर उमेदवार डावलून उर्सुला फॉन डेर लायन यांचे नाव पुढे केले आणि संसदेने ते आवश्यकतेपेक्षा अवघी 9 मते अधिक देऊन मान्य केले.

2021 मध्ये सुरू झालेल्या युरोपच्या भवितव्यविषयक परिषदेत सर्व सदस्य देशांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने निवडलेले 800 नागरिक चार गटांत बसले. त्यांपैकी एकतृतीयांश 16 ते 25 वयोगटातील होते. 9 मे 2022 रोजी परिषदेने 49 प्रस्ताव सादर केले. त्यांतील काहींसाठी मूळ करारांत दुरुस्ती लागणार होती. त्याच दिवशी 13 सदस्य देशांच्या सरकारांनी संयुक्त टिपण काढून घाईघाईने करारदुरुस्ती सुरू करण्यास विरोध नोंदवला.