‘याला हात लावलाय का?’ : जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीवरच्या संशयाची पार्श्वभूमी

जुने कपाट घासूनपुसून, नवे पॉलिश चढवून विकायला काढले की त्याचे मोल वाढणार, असे कुणालाही वाटेल. लिलावात बऱ्याचदा उलटे घडते. जाणकार खरेदीदार आधी विचारतो, ‘याला कुणी हात लावलाय का?’ हा प्रश्न तसा अलीकडचा. अडीचशे वर्षांपूर्वीचे गिऱ्हाईक विचारायचे, ‘याला हात का नाहीत?’

१८व्या शतकात इंग्लंडचे उमराव रोमला जाऊन प्राचीन पुतळे विकत घेत. जमिनीतून निघालेला पुतळा क्वचितच अखंड असे, आणि नाक तुटलेला देव दिवाणखान्यात कुणाला नको असे. मग बार्तोलोमेओ काव्हाचेप्पीसारखे शिल्पकार नाके, हात, प्रसंगी डोकीही बसवून देत. जोड बेमालूम असणे हीच कारागिरी. रोमजवळच्या टिव्होलीपाशी रोमन सम्राट हेड्रियनच्या प्रासादाच्या अवशेषांत १७९१ मध्ये सापडलेल्या थाळीफेकपटूच्या पुतळ्याला तर दुसऱ्याच पुतळ्याचे डोके लावले गेले, तेही भलत्या दिशेला पाहणारे. चार्ल्स टाउनली या संग्राहकाने तो घेतला आणि १८०५ मध्ये त्याच्या संग्रहाबरोबर तो ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचला. डोके आजही तेच आहे.

सापांच्या विळख्यात सापडलेल्या पुरोहिताच्या, म्हणजे लाओकूनच्या, प्राचीन शिल्पाची गोष्ट याहून बोलकी. १५०६ मध्ये ते रोममध्ये सापडले तेव्हा मुख्य आकृतीचा उजवा हात नव्हता. मोंतोर्सोली या शिल्पकाराने पुढे वर उंचावलेला, ताठ हात जोडला. हात मागे दुमडलेला असावा, असे मायकेलअँजेलोचे मत होते म्हणतात. १९०६ मध्ये पुरातत्त्वज्ञ लुडविग पोलाक यांना रोममधल्याच एका पाथरवटाच्या आवारात खरोखर दुमडलेला हात मिळाला आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो मूळ जागी बसला. म्हणजे युरोप इतकी शतके ज्या आवेशावर लुब्ध होता, त्यातला निम्मा दुरुस्ती करणाऱ्याचा होता!

वारे बदलले ते १९व्या शतकात. अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पे ब्रिटनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनने ती दुरुस्तीसाठी कानोव्हाला दाखवली. त्या काळचा सर्वांत नावाजलेला हा शिल्पकार म्हणाला, यांना हात लावणे हा अपराध ठरेल. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने तीच शिल्पे, भग्न अवस्थेतच, ३५,००० पौंडांना घेतली. पुढे इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किनने जीर्णोद्धाराला सरळ खोटेपणा म्हटले, आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिस या लेखक-कलाकाराने जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. तिचे टोपणनाव ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली. तरी १९३७-३८ मध्ये पार्थेनॉनची शिल्पे पांढरी दिसावीत म्हणून ब्रिटिश म्युझियममध्येच खरवडली गेली. या शिल्पांसाठीच्या नव्या दालनाचा खर्च उचलणारे जोसेफ डुव्हीन हे जुन्या कलावस्तूंचे बडे व्यापारी. खरवडण्याने काय जाते ते त्यांना कळू नये म्हणजे कमाल आहे.

खरवडण्याचा एवढा राग का, हे लाकडी वस्तूत नीट कळते. मूळ लाखेच्या पॉलिशवर मेण, धूर, धूळ आणि हातांचा स्पर्श यांचे थर बसत जातात. त्यातून येणारी झिलई म्हणजे पटिना. हे काम काळच करतो, कारागीर नाही. पॉलिशपेपर फिरला की काही मिनिटांत सगळे संपते. शिवाय तो थर वस्तूचा साक्षीदारही असतो. खणांच्या आतली झीज, हत्यारांच्या खुणा, जुन्या खिळ्यांची भोके यांवरून वस्तू खरी की नकली ते ठरते. त्या खुणा पुसल्या की खरी वस्तूही संशयित होते. किंमत खाली येते ती बहुतेक याच कारणाने.

नाण्यांचा बाजार याबाबत सर्वांत कठोर. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचे मूळ तेज परत येत नाही, आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या त्याला नेहमीचा अंकांतला दर्जा देत नाहीत. मोटारींचे शौकीन या मताला उशिरा आले. पश्चिम फ्रान्समध्ये धूळ खात पडलेली एक फेरारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात, धुळीसकट, सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली.

पण यावरून ‘हात लावूच नका’ असा नियम काढला तर फसाल. घड्याळ चालायला हवे, खुर्चीने वजन पेलायला हवे; तिथे डागडुजी कुणी वावगी मानत नाही. आणि चित्रांचे गणित तर वेगळेच. लिओनार्डोचे म्हणून सांगितले जाणारे ‘साल्व्हातोर मुंडी’ २००५ मध्ये हजार-बाराशे डॉलरांत मिळाले होते. नंतरच्या काळातले रंग काढून, खराब भाग नव्याने रंगवून झाल्यावर ते २०१७ मध्ये ४५ कोटी डॉलरांना विकले गेले. त्यात लिओनार्डो किती आणि दुरुस्ती किती, हा वाद मात्र मिटलेला नाही.

या पेचावर रोममध्ये १९३९ साली स्थापन झालेल्या, कलावस्तूंच्या दुरुस्तीला वाहिलेल्या संस्थेत चेझारे ब्रांदी या कला-अभ्यासकाने तोडगा काढला. रंग उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची, आणि तीही पुन्हा काढता येईल अशा रंगात. दुरून चित्र अखंड दिसते, जवळ गेले की रेघा मोजता येतात. काव्हाचेप्पीच्या बेमालूम जोडाच्या हे अगदी विरुद्ध. संग्रहालयांनी ही रीत उचलली. खासगी खरेदीदाराला ती अजून फारशी रुचलेली नाही. भिंतीवर त्याला भेग दिसायला नको असते, आणि वस्तूच्या अवस्थेबद्दलच्या लिलावाच्या अहवालात ती लपलेलीही नको असते.