लसीकरणातील गळती (कोल्हापूर जिल्हा)

बाळाची पहिली लस होते, पुढचे डोस मात्र लांबतात किंवा राहूनच जातात. याला आरोग्य खात्यात 'गळती' म्हणतात. लस ठामपणे नाकारणारी घरे कोल्हापूर भागात असतात, पण बहुतेक वेळा डोसचा दिवस आणि घरातल्या कामाचा दिवस यांचा मेळ बसलेला नसतो.

राष्ट्रीय वेळापत्रकात जन्मतः बीसीजी (क्षयरोगाची लस), हिपॅटायटिस-बी व पोलिओचा डोस आहे. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस, थोडक्यात 'पेंटा') व सोबतच्या लसी, ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला आणि १६ ते २४ महिन्यांत बूस्टर. बाळंतपण दवाखान्यात झाले की जन्माचे डोस तिथेच उरकतात. पुढच्या तारखा आईला सांभाळाव्या लागतात.

ऊसतोड हंगामात हे सर्वांत ठळक दिसते. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. तान्ह्या बाळाचे पेंटाचे तिन्ही डोस याच पाच-सहा महिन्यांत येऊ शकतात. आई पहाटेच फडात गेलेली, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) बाळाला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. लसीकरण दिवसा, आणि खाडा केला तर पैसे कापले जातात. कार्ड बहुधा गावच्या पेटीत. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबांचेही असेच, फक्त तिथे खोली बदलली की आशाताईंच्या यादीतून नाव सुटते.

पेंटामध्ये डांग्या खोकल्याची लस असते, तिने एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. मग सासूबाई म्हणतात, "मागल्या बारीला रात्रभर रडलंय, आता ऱ्हाऊ दे." सर्दी, खोकला, किरकोळ ताप असला तरी लस देता येते, पण परत पाठवण्याची सवय काही दवाखान्यांनीच लावली आहे, हेही मान्य करायला हवे.

शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडातल्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात लसीचा डबा नेणेच अवघड. त्यात बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते. वाडीवर बाळ एकच असेल तर 'पुढच्या वेळी या' असे सांगितले जाते, जरी एका बाळासाठीही कुपी फोडावी असा नियम असला तरी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोळ, करवीरमधली घरेच रिकामी करावी लागली.

सीमाभागाची अडचण वेगळी. माहेर निपाणी किंवा चिकोडीचे, बाळंतपण तिकडे, पहिले डोस तिकडे, आणि सूनबाई सासरी आल्यावर इकडच्या नोंदवहीत बाळच नाही.

डोस हुकला म्हणून सगळे पहिल्यापासून करायचे नसते. राहिला तिथून पुढे चालू करतात. सरकारी लसीकरणात बीसीजी एक वर्षापर्यंत आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत देतात.