सारख्या दिसणाऱ्या दोन एलईडी पट्ट्या आणि घरी केलेला बॅकलाइट

"दोनी पट्ट्या तं सारख्याच हायेत ना भाऊ?" गावातला एक पोरगा परवा दोन हातांत दोन पट्ट्या घेऊन आला. एक गणपतीच्या मखराला लावतात ती बारा व्होल्टची, गुंडाळी मिळते ती. दुसरी फुटलेल्या टीव्हीतून काढलेली. जुन्या लॅपटॉपच्या १५.६ इंची पॅनलला त्याला मागून उजेड द्यायचा होता.

एलसीडी पॅनलला स्वतःचा उजेड नसतो. मागून आलेल्या उजेडाचा दहावा हिस्साही त्यातून पुढे येत नाही, म्हणून बॅकलाइट भरपूर आणि एकसारखा लागतो. आमच्याकडे तो बहुधा बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवावा लागतो, कारण लाइनीचा भरवसा नाही. घोळ इथेच होतो.

मखराची पट्टी नीट पाहा. दर तीन एलईडींमागे एक बारीक काळा रेझिस्टर, म्हणजे करंट अडवणारा तुकडा असतो, त्यावर बऱ्याचदा १५१ लिहिलेलं असतं, म्हणजे १५० ओहम. तीन पांढऱ्या एलईडी मिळून साधारण सव्वानऊ व्होल्ट घेतात. उरलेले पावणेतीन रेझिस्टर स्वतःवर घेतो आणि करंट १८ मिलिअँपिअरच्या आसपास धरून ठेवतो. तेवढी वीज उष्णतेत जाते खरी, पण एलईडी वाचतात.

टीव्हीच्या पट्टीत असा रेझिस्टर नसतो. एलईडी एकापुढे एक जोडलेल्या, प्रत्येकीवर भिंगासारखी टोपी. करंट बांधून ठेवायचं काम टीव्हीतलं वेगळं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर करतो. तो ठरलेला करंट देतो आणि त्यासाठी लागेल तेवढं व्होल्टेज चढवतो. तीन व्होल्टच्या २१ एलईडी असल्या तर ६३ व्होल्ट. एक एलईडी आतून तुटली की सगळा पडदा काळा होतो. पट्टी सुटली असताना व्होल्टेज याहून बरंच वर जातं, तेव्हा चालू सेटमध्ये हात घालू नका.

मी स्वतः यात फसलो आहे. टीव्हीच्या पट्टीतून चार एलईडींचा तुकडा कापला. चार त्रिक बारा, गणित जुळलं म्हणून थेट बॅटरीला जोडला. संध्याकाळभर सुंदर उजेड पडला. रात्री लाइन आली, चार्जर सुरू झाला, बॅटरी १४ व्होल्टांच्या वर गेली आणि तुकडा जळाला. एलईडीवर व्होल्टेज थोडं वाढलं की करंट कितीतरी पट वाढतो. त्यात एलईडी तापली की तेवढ्याच व्होल्टेजला आणखी करंट ओढते, मग आणखी तापते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि घरावर टिनाचं छप्पर असतं, तेव्हा हे चक्र फार लवकर फिरतं. तीच बॅटरी मखराच्या पट्टीला लावली तर करंट दीडपटीच्या वर जाईल. पट्टीचं आयुष्य घटेल, पण ती क्षणात जाणार नाही.

उलटी चूकही तेवढीच महाग. मखराची पट्टी टीव्हीच्या ड्रायव्हरला जोडली तर? बहुतेक ड्रायव्हर व्होल्टेज फक्त चढवतात, उतरवत नाहीत. आत २४ व्होल्ट येत असतील तर तेवढे पट्टीवर बसणारच.

३२ इंची टीव्हीला त्याच मापाची, तेवढ्याच व्होल्टच्या एलईडींची पट्टी घ्या. ३ आणि ६ व्होल्टच्या एलईडी दिसायला सारख्या असतात, त्या मिसळू नका. लॅपटॉपच्या लहान पॅनलला मात्र मी मखराचीच पट्टी सुचवीन. पडदा ३४४ बाय १९४ मिलिमीटर. मीटरला ६० एलईडीची पट्टी दर पाच सेंटिमीटरवर कापता येते. सात तुकड्यांची एक ओळ, अशा सहा ओळी, मिळून १२६ एलईडी आणि पाऊण अँपिअर. ओळींना वीज दोन्ही टोकांनी द्या, नाहीतर शेवटची टोकं मंद पडतात.

खरी मेहनत उजेड पसरवण्यात आहे. या पट्टीला भिंग नाही, म्हणून दोन ओळींत जेवढं अंतर, निदान तेवढंच पट्टी आणि दुधी ॲक्रेलिकमध्ये ठेवा, इथे ३२ मिलिमीटर. कमी ठेवलं की पडद्यावर पट्टे दिसतात. त्यामुळे डबा जाड होतो, त्याला इलाज नाही. आत पांढरा कागद लावा. मोडक्या मॉनिटरमधली प्रिझम शीट, म्हणजे उजेड समोर वळवणारी पातळ फिल्म मिळाली तर ॲक्रेलिकवर टाका, समोरून उजेड लक्षणीय वाढतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा. हवेसाठी भोकं पाडाल तिथे बारीक जाळी हवीच, पावसाळ्यात उजेडावर येणारे किडे आत मरतात आणि त्यांचे काळे डाग पडद्यावर दिसत राहतात.

पोराच्या डब्यात बॅटरी आणि पट्टीच्या मधे व्होल्टेज चढवणारं-उतरवणारं मॉड्यूल बसवलं, कारण बॅटरी कधी ११ व्होल्टांवर असते, कधी १४ वर. स्क्रू फिरवून १२ वर आणलं, करंट मोजायला मल्टिमीटर पट्टीच्या तारेत मधे जोडला. आकडा ०.७४ अँपिअरवर थांबला. मग चार्जर चालू केला. तो ०.७४ वरच राहिला.