पिवळा दिवा लागला म्हणजे ईसीएम गेला?

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आपल्याकडे जालना-बीडच्या रस्त्यावर हमखास ऐकू येतं, ‘भाऊ, ईसीएम उडाला.’ म्हणजे इंजिनाचं कामकाज सांभाळणारा कॉम्प्युटरच गेला. बहुतेक वेळा हे खरं नसतं. तो दिवा लावतो कोण? ईसीएमच. म्हणजे तक्रार करणाऱ्यालाच आपण मेलेला ठरवतो!

स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड दिसतो. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाचा क्रँकशाफ्ट कसा फिरतोय ते ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर सगळंच आलं. त्यामुळे कोड वाचून थेट सेन्सर बदलणंही उतावीळपणाच. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी उभ्या केलेल्या आमच्या गाडीला हाच कोड आला होता. बॉनेट उघडलं तर उंदरांनी वायर कुरतडून तांबं उघडं पाडलेलं. वायर जोडली, टेप गुंडाळली, गाडी चालू.

ईसीएमच्या आतल्या बिघाडाचे कोड वेगळे असतात, उदाहरणार्थ पी०६०१ किंवा पी०६०६. तेव्हाही आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग तपासावं. पाणी शिरून पिनांवर हिरवट गंज चढलाय का, तेही बघावं.

बॅटरीचं टर्मिनल काढून दिवा घालवणं हा तर निव्वळ पुरावा पुसण्याचा धंदा. बऱ्याच गाड्यांत कोड जातो, बिघाड तिथंच राहतो. आणि दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीय. सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळायच्या आत गाडी बाजूला घ्या.