पावसाचा तलाव एकदा बांधला की झालं? अजिबात नाही

नाशिकला पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या सोसायटीत मागे पावसाचं पाणी अडवणारा छोटा तलाव आहे, आणि दर मीटिंगला कुणीतरी म्हणतंच की बांधलाय ना, आता त्याला काय करायचं, उलट डास होतात, बुजवून टाका. अहो, दोन्ही चूक! हा तलाव पाणी साठवायला नाहीच, जोराचा पाऊस थोडा वेळ धरून पाइपातून हळूहळू सोडायला आहे, दोन-तीन दिवसांत तो रिकामा झालाच पाहिजे. अंड्यापासून डास उडेपर्यंत साधारण ७ ते १० दिवस जातात, म्हणजे पाणी वेळेत गेलं तर डास होणार कुठून?

परवा मी स्वतः उतरून बघितलं, तर पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर दुधाच्या पिशव्या, गुलमोहराची पानं, निर्माल्य, सगळा थर, हाताने ओढला तसं पाणी खळखळून निघालं. आणि गाळ वेगळाच. १० बाय १० मीटरच्या तलावात फूटभर गाळ म्हणजे ३० हजार लिटरची जागा गेली, ते पाणी मग पार्किंगमध्ये आणि तिथून नाल्यात. गोदेला पूर आला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघायला पळतो, त्या पुरात पुढे हेही पाणी मिसळतं.

मे महिन्यात गाळ काढा, प्रत्येक मोठ्या पावसानंतर जाळी बघा, आणि भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच उपटा, नंतर मुळांनी तडे जातात.